पहिलं ‘नको’ धरायचं नाही

आमच्या सरांना कुणी सहज ‘कसे आहात?’ म्हणून विचारलं, की विचारणारा फसलाच. ‘कुठल्या मला विचारताय?’ असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. ‘सकाळचा मी झकास होतो. आत्ताच मिरची-भजी खाल्लीत, त्यामुळं हा मी सुखात आहे. रात्रीच्या माझं मात्र काही खरं नाही. तिघांतला कोण पाहिजे बोला.’ विचारणारा बिचारा धारवाडच्या स्टॉपवर भाजीची पिशवी सांभाळत उभा असायचा. हुबळीची बस येईपर्यंत दोन शब्द बोलावेत, एवढीच त्याची इच्छा. बस यायची, निघून जायची, आणि सर त्याच्या सदऱ्याचं बटण धरून बोलतच राहायचे.

त्यांना वेडा म्हणणारे धारवाडात पुष्कळ होते. कॉलेजात असताना मीही म्हणायचे. आता म्हणत नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर भांडायला उठते.

त्यांनी आम्हाला अर्थशास्त्र शिकवलं. पुढं मी वकील झाले आणि ‘हो की नाही, तेवढंच सांगा’ असं साक्षीदारांना दटावून पोट भरायला लागले. सरांना या वाक्याचा भयंकर राग. ‘तुम्ही कोर्टातले लोक माणसाचं पहिलं उत्तर लिहून घेता आणि खाली त्याची सही घेता,’ असं ते मला ऐकवायचे. ‘अगं, पहिलं उत्तर म्हणजे माणूस नुसता घसा साफ करत असतो!’

माणसाचं कल्याण म्हणजे नेमकं काय, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर चघळला. आमच्या पुस्तकात त्याचं सोपं उत्तर छापलेलं होतं. माणूस जे निवडतो ते त्याला हवं असतं, जे हवं ते मिळालं की त्याचं भलं होतं, झालं कल्याण. सर ते पान वर्गात मोठ्यानं वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, ‘हे खरं असतं तर धारवाडात एकालाही मधुमेह झाला नसता. पेढ्याच्या दुकानापुढची रांग बघा जाऊन. सगळे आपापलं कल्याण करून घ्यायला उभे आहेत!’

नुसतं बोलून ते थांबत नसत, हीच तर पंचाईत होती. ते खरोखर त्या दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे आणि खोकी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना अडवायचे. ‘एवढं घ्यायचं म्हणूनच घरातून निघाला होता का?’ लोकांना वाटायचं, हा कुठल्या तरी खात्याचा माणूस आहे. एका गृहस्थांनी तर घाबरून खोकं पाठीमागं लपवलं आणि ‘ब्याड्री, नंदल्ला, नंदल्ला’, नको हो, माझं नव्हे, माझं नव्हे, असं म्हणत पळ काढला.

आमच्या वर्गाची दांडेलीची सहल ठरत होती तेव्हाची गोष्ट. सरांनी विचारलं, कुणाकुणाला यायचंय? सगळ्या वर्गाचे हात वर. मग म्हणाले, आता डोळे मिटा आणि परत हात वर करा. मी मिटल्यासारखे करून हळूच बघितलं. निम्मे हात गायब! माझाही खालीच होता, कारण मला बस लागते. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, ‘या वर्गाचं कल्याण मला करायचंय. कुठले हात मोजू?’

आम्ही ‘डोळे मिटलेले’ म्हणून ओरडलो. सर खूश झाले. पण खरी मजा दांडेलीला झाली. डोळे मिटून नको म्हणालेल्यांतलेच अर्धे जण नदीतून बाहेर निघायला तयार होईनात. मीही त्यांतलीच. सर काठावर धोतर सावरत उभे राहून ओरडत होते, ‘अगं, तू तर नको म्हणाली होतीस! आता सहल कशी वाटतीय? थांब, बुडू नको, आधी उत्तर दे!’ बाकीच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. सर मात्र परतीच्या बसमध्ये लहान मुलासारखे हसत होते. डोळे मिटलेल्या हातांवरसुद्धा भरवसा ठेवता येत नाही, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू.

त्यांच्या शेजारी शांतव्वा नावाच्या कानडी बाई राहायच्या. सरांना साखरेचं दुखणं आणि पेढ्याचा जबर सोस. कुणी पेढे आणून दिले की सकाळीच ते खोकं शांतव्वाच्या हवाली करायचे आणि बजावायचे, मी कितीही गयावया केली तरी देऊ नका, रोज एकच द्या, तोही फिरून आल्यावर. दुपार झाली की स्वारी शांतव्वाच्या फाटकाशी हजर. ‘सकाळी आला होता तो मी नव्हे,’ असा त्यांचा दावा असायचा. शांतव्वा हातातला केरसुणीचा झपाटा न थांबवता म्हणायच्या, ‘नीव हेळिद्री सर, कोडब्याड अंत!’ तुम्हीच सांगितलंत, देऊ नको म्हणून. यावर सर अर्धा तास वाद घालायचे. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसायची, इतका तो रंगायचा.

एके दिवशी शांतव्वांनी वैतागून अख्खं खोकं सरांच्या हातात ठेवलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते पडलेल्या चेहऱ्यानंच. ‘शांतव्वानं माझं ऐकलं आणि माझं नुकसान केलं. आता सांगा, तिनं कुणाचं ऐकलं?’ आम्ही फिदीफिदी हसायला लागलो. ‘हसू नका. सकाळचा मी म्हणजे सरकार आणि दुपारचा मी म्हणजे प्रजा. सरकारच शहाणं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? सकाळचा मी नुसता भित्रा असेन, आणि दुपारच्यालाच जगायचं कसं ते कळत असेल.’ खोकं कधी रिकामं झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या बाकावरच्या एकानं तेव्हा हुशारी दाखवली. म्हणाला, सर, म्हणजे शहाण्या माणसानंच बाकीच्यांचं ठरवून टाकावं, हेच बरं. सर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. ‘तुझं बरं कशात आहे ते मला जास्त कळतं, असं म्हणणारा माणूस दारात आला तर दार लावून घे,’ ते म्हणाले. ‘माणसाचं बरं त्याचं त्यानंच सांगायचं. आपलं काम एवढंच, की त्याला नीट विचारायचं. घाई करायची नाही, चारचौघांत विचारायचं नाही, आणि नंतर मन बदललं तरी चालेल, असं सांगून विचारायचं.’ मी हे वहीत लिहून घेतलं, परीक्षेत तसंच्या तसं उतरवलं, आणि विसरून गेले.

हे सगळं परत आठवायची वेळ आली ती आईमुळं.

बाबा गेल्यावर आई हुबळीत केशवापूरच्या घरात एकटीच राहायची. ती मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, कडक शिस्तीची, कुणाचं म्हणून ऐकायची नाही. मी तिथून जवळच, विद्यानगरात. नवरा, मी आणि आमची लेक. थोरला भाऊ पुण्याला. एकदा आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण आम्ही दोघंही हादरलो. दादानं ठरवून टाकलं की दिवाळी झाली की आईला पुण्याला न्यायचं, सामानासाठी टेंपो करायचा आणि केशवापूरचं घर भाड्यानं द्यायचं. आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, ‘येईन की रे. तुझ्याकडं नाही तर कुणाकडं?’ मी विचारलं तर म्हणाली, ‘इथंच बरी आहे गं मी. भाजीवाली येते, देऊळ जवळ आहे.’ शेजारणीनं विचारलं तर, ‘मुलं ठरवतील तसं.’ ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याला मिळत होतं.

मग दादाची नि माझी फोनवर खडाजंगी. तो म्हणतो, तिनं हो म्हटलंय. मी म्हणते, तिनं नाही म्हटलंय. दोघांचा साक्षीदार एकच, आणि तोच फितूर! दादा काही वाईट नाही हो. त्याला रात्री झोप लागत नव्हती तिच्या काळजीनं. पण त्याच्याकडं बाराव्या मजल्यावर, दिवसभर दोघं नोकरीवर गेलेली, मुलं होस्टेलला. आई तिथं कुणाशी बोलणार होती? आणि इथं एकटीला ठेवायचं तर मला तरी झोप कुठली. दिवाळी तर तोंडावर आली. एकदा घर मोडलं की मोडलंच. या वयात ते परत मांडून होत नाही.

शेवटी मी धारवाडला सरांकडं गेले. खरं सांगायचं तर सल्ला मागायला नव्हे, ते माझीच बाजू घेतील म्हणून. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘उत्तरं सगळी आईची, हे ठीक. पण प्रश्न कुणाचे? पुणे की केशवापूर, हे दोनच पर्याय ताटात कुणी वाढले?’ मग ते चपला शोधायला लागले. ‘चल, मला घेऊन चल.’

आईनं त्यांना खुर्ची दिली आणि चहाचं विचारलं. सर म्हणाले, ‘नको बाई, आत्ताच झाला.’ आई म्हणाली, ‘असं कसं? दूध तापलेलंच आहे.’ ‘खरंच नको.’ ‘अर्धा कप घ्या की, सर. पहिल्यांदा घरी आलात.’ मग सरांनी कप घेतला, आणखी अर्धा मागूनही घेतला, आणि माझ्याकडं एकदा डोळे मोठे करून बघितलं. मला काही कळलं नाही.

‘बाई, पुण्याचं राहू द्या,’ सर म्हणाले. ‘मला कालचा दिवस सांगा. केव्हा बरं वाटलं, केव्हा नाही?’

आईला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. ती जरा हसली. सांगायला लागली. सकाळ कशी जाते कळत नाही. देवपूजा, पेपर, भाजीवालीशी घासाघीस. दुपारची झोप झाली की मात्र घर खायला उठतं. दिवेलागणीला कुणासाठी दिवा लावायचा असं होतं. स्वयंपाक एकटीचा करायचा म्हणजे भातावरच भागवते. ‘रविवारी हिच्याकडं जाते,’ माझ्याकडं हात करून ती म्हणाली. ‘तिथं नुसता गोंधळ. जावई टीव्हीशी भांडतात, नात माझ्याशी भांडते, ही सगळ्यांशी भांडते. पण जेवण दोन घास जास्त जातं. का, कोण जाणे.’

सरांनी कप खाली ठेवला. पुढं एक शब्दही विचारला नाही. तिच्या शाळेच्या गोष्टी ऐकत बसले आणि उठले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, ‘तुझ्याकडं ये म्हणून कधी विचारलंस?’

‘विचारलं की. दवाखान्यातून येताना रिक्षात. नको म्हणाली. लेकीच्या घरी राहतात होय, म्हणाली.’

‘परत कधी?’

‘परत कशाला? सर, ती शिकलेली बाई आहे, शाळा चालवलीय तिनं. ती नको म्हणाली म्हणजे नको. दुसऱ्याचं बरं मला जास्त कळतं असं म्हणायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?’

सर फाटक धरून उभे राहिले. मला वाटलं, आता एखादं व्याख्यान. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

‘माझी थोरली बहीण अळणावरकडच्या खेड्यात दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही. मी तेव्हा नवा प्राध्यापक, पुस्तकातलं ते पान डोक्यात गच्च बसलेलं. गेलो, म्हटलं, अक्का, माझ्याकडं येतेस राहायला? ती म्हणाली, नको रे तम्मा, लोक काय म्हणतील, धाकट्या भावाच्या संसारात कुठं येऊ? मी म्हटलं, बरं. आणि तुला सांगतो, मला अभिमान वाटला. बहिणीच्या मताचा मान राखला म्हणून कॉलेजात चार लोकांना सांगत सुटलो. पुढं ती आजारी पडली, तेव्हा जाऊन बसलो तिच्याजवळ. माझा हात धरून म्हणाली, तू परत विचारशील म्हणून मी ट्रंक भरून ठेवली होती रे. पुष्कळ दिवस तशीच ठेवली होती.’

रस्त्यानं एक रिक्षा गेली. सर तिकडं बघत राहिले.

‘चहाचंसुद्धा पहिलं नको आपण धरत नाही,’ ते म्हणाले. ‘आणि मी तिच्या जन्माचं धरलं.’

तरी वकिली काही जात नाही. मी म्हटलं, ‘पण सर, सारखं विचारलं तर ती जबरदस्ती नाही का? तिला मनापासून नको असेल तर?’

‘असू शकतं. म्हणून ती कारण कुणाचं देते ते ऐक. स्वतःचं कारण दिलं तर गप्प बस, पाया पड आणि ये. लोकांचं कारण दिलं तर परत विचार. आणि हे घर लगेच भाड्यानं देऊ नका. किल्ली तिच्या हातात राहू दे. परत फिरता येणार नाही अशा दारातून माणसाला आत बोलवू नये.’

समोरच्या स्टॉपवर धारवाडची बस आली. एरवी बस सोडून बोलत राहणारा हा माणूस त्या दिवशी चटकन चढून गेला.

मी तशीच आत गेले. आई कप विसळत होती. म्हटलं, ‘आई, माझ्याकडं राहायला ये.’

‘काहीतरीच तुझं. जावई काय म्हणतील?’

‘तुझे जावई केव्हापासून म्हणतायत, आईंना आणू या.’ हे खरंच होतं, देवाशपथ.

‘दादा रागावेल.’

‘त्याला मी बघते. तू ये.’

‘लोक नावं ठेवतील गं. मुलगा असताना लेकीकडं...’

‘आई, तुझं सांग. लोकांचं नको सांगूस. तुला काय वाटतं? नंतर मन बदललं तर हे घर आहेच, किल्ली तुझ्याकडंच राहील.’

ती बराच वेळ पदराला हात पुसत उभी राहिली. हात कधीच कोरडे झाले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘माझा पाटा-वरवंटा कुठं ठेवशील? तुझ्या ओट्यावर तर तुझा मिक्सरच मावत नाही.’

हो की नाही तेवढंच सांगा, असं म्हणत जगलेली मी. पण त्या दिवशी मला दुसरं काही विचारायची गरज पडली नाही. मी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. ती कोरड्याच हातांनी मला थोपटत ‘अगं, ओले हात आहेत, ओले हात आहेत’ म्हणत राहिली.

दादा चार दिवस बोलला नाही. मग स्वतःच आला. टेंपोची गरज नव्हतीच. त्यानं तो पाटा आपल्या खांद्यावरून आमच्या घरात आणून ठेवला आणि घाम पुसत म्हणाला, ‘हिला एवढं जड काहीतरी लागतंच सगळीकडं.’ मग आईजवळ जाऊन बसला. त्याची बायको दिवाळीला आली आणि जाताना चटणी बांधून घेऊन गेली. केशवापूरचं घर अजून आहे. सुरुवातीला आई एक दिवसाआड तिकडं जायची, तुळशीला पाणी घालायची, खिडक्या उघडायची आणि दुपारच्या आत परत यायची. हल्ली आठवण करून द्यावी लागते.

सर आता खूप थकलेत, डोळ्यांना नीट दिसत नाही. वाचून दाखवायला कॉलेजची मुलं जातात, आणि त्यांनाही ते ‘कुठल्या मला?’ करून छळतात. कल्याणाची व्याख्या काही त्यांनी केली नाही. मुलं विचारतात तेव्हा म्हणतात, अजून चालू आहे. त्यांनी शिकवलेलं अर्थशास्त्र मी बहुतेक विसरले. पण त्यांच्या बहिणीची ट्रंक त्यांनी मला फाटकाशी उघडून दाखवली नसती, तर माझी आई आज बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेली असती, आणि मी तिच्या मताचा मान राखला म्हणून फुशारकी मारत असते. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

परवा त्यांचा फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो. नवरा टीव्हीशी भांडत होता, आई नातीला कानडीतून रागावत होती. सर म्हणाले, ‘आई कशा आहेत? बरं आहे ना त्यांचं?’

‘तिलाच विचारा,’ म्हणत मी फोनचा आवाज मोठा करून तिच्यापुढं धरला.

‘बरी आहे की, सर,’ आई म्हणाली. ‘पण तुमच्या या विद्यार्थिनीला जरा समजवा. रोज उठून विचारते. आई, बरं वाटतंय ना? आई, इथंच राहायचंय ना? आई, काही हवंय का? किती म्हणून विचारायचं! पाहुण्याला विचारतात, सर. घरच्या माणसाला कुणी विचारतं होय?’

पलीकडून सर एकदा ‘खरंय बाई’ म्हणाले, आणि फोन ठेवला गेला.

टोपलीत भाकऱ्या होत्या. मी एक उचलली आणि आईला न विचारता तिच्या ताटात वाढली. तिनं ती मोडून आमटीत कुस्करली आणि नातीला म्हणाली, ‘तू काय बघत बसलीस? जेव.’